निजावयाची खोली आणि जुना बाजार

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु तें अंथरूण ज्या खोलींत घालावयाचें, ती खोली कशी सजवावी याचा पाठ सहसा कोणी देत नाहीं. शिक्षण संपवून परगांवीं नोकरीस गेलेला तरुण, किंवा नव्यानें संसार मांडणारें जोडपें, पहिल्याच महिन्यांत पलंग, कपाट, आरसा व मेज असा एका नमुन्याचा संच दुकानांतून उचलून आणतें, आणि त्याचे हप्ते पुढें दोनतीन वर्षें फेडीत बसतें. हें ऋण अंगावर न घेतां खोली सुंदर करतां येईल काय, आणि जुन्या बाजारांत अवचित मिळणाऱ्या वस्तूंचा त्या कामीं कसा उपयोग करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

वापरलेल्या वस्तूंचा व्यापार आपल्याकडे नवा नाहीं. पुण्यास मंगळवार पेठेंतील जुना बाजार आणि मुंबईस मटण स्ट्रीटवरील चोर बाजार सर्वांच्या परिचयाचे आहेत. यांतील ‘चोर’ हा शब्द मूळचा ‘शोर’, म्हणजे गलबला, असाही एक समज आहे. पाश्चात्य देशांत या व्यापारास परोपकाराची जोड मिळाली. साल्व्हेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांनीं १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत, घरोघरचें टाकाऊ सामान गोळा करून त्यावर बेकारांस काम द्यावें, अशी योजना मांडिली. १९०२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एडगर हेल्म्स नांवाच्या मेथॉडिस्ट पाळकांनीं सधन घरांतून जुने कपडे व सामान पोत्यांत भरून आणविलें, गरजूंकडून मजुरी देऊन तें दुरुस्त करविलें, आणि अल्प किंमतीस विकलें. गुडविल या नांवानें आज प्रसिद्ध असलेल्या दुकानांचा उगम या कार्यांत आहे. इंग्लंडांत १९४२ सालीं स्थापन झालेल्या ऑक्सफॅम संस्थेनेंही त्याच दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असेंच एक दुकान थाटलें. हेल्म्स यांच्या पद्धतींत वस्तु मिळणें व वस्तु विकणें यांच्या मध्यें दुरुस्तीची पायरी होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या बाजारांत ती पायरी बहुधा गिऱ्हाइकासच चढावी लागते.

अशा बाजाराचा स्वभाव दुकानाहून निराळा असतो. दुकानांत आपण यादी घेऊन जातों व यादीप्रमाणें वस्तु आणतों. जुन्या बाजारांत यादी निरुपयोगी ठरते. खुर्ची शोधावयास जावें तर पितळी दिवा दिसतो. दिवा हवा असतां कोरीव चौकट हातीं लागते. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, येथें पूर्वविचारास जागाच नाहीं. आमच्या मतें गोष्ट उलट आहे. कोणती वस्तु मिळेल हें जेथें ठाऊक नसतें, तेथें खोली कशी व्हावयाची हें आधीं पक्कें ठाऊक असावें लागतें. वस्तु अवचित असावी. खोली अवचित असूं नये.

याकरितां पहिलें साधन म्हणजे मोजपट्टी. खोलीची लांबी, रुंदी, दारें व खिडक्या यांचीं मापें एका लहान वहींत लिहून ती वही खिशांत ठेवावी. पलंगाच्या निदान एका बाजूस दोन फूट मोकळी वाट राहील असें पाहावें. जुने पलंग आजच्या मापाचे असतीलच असा नियम नाहीं. एका माणसाची गादी आज बहुधा तीन फूट रुंद मिळते, आणि जुनी चौकट चार बोटें कमी भरली तर स्वस्त पलंगासाठीं गादी महाग करून घ्यावी लागते. कपाट घेण्यापूर्वीं आपल्या जिन्याचें वळणही मोजावें. वहीच्या दुसऱ्या पानावर खोलीचे दोन किंवा तीन रंग लिहावे, आणि तिसऱ्या पानावर खरी उणीव लिहावी: उजेड कमी आहे, कपडे टांगण्यास सोय नाहीं, पुस्तकें जमिनीवर आहेत, इत्यादि.

दुसरी गोष्ट आरोग्याची. जुनी गादी व जुनी उशी कितीही स्वस्त मिळो, ती घेऊं नये. धूळ, घाम व ढेकूण हीं तिच्या पोटांत असतात व वरून दिसत नाहींत. लांकडी पलंगाचे सांधे व फटी दिव्याच्या उजेडांत तपासाव्या. काळे ठिपके दिसल्यास तो तेथेंच सोडावा. कापड घरीं आणतांच, त्यास सोसत असेल तर, साठ अंश सेल्सिअसच्या कढत पाण्यांत धुऊन कडक उन्हांत वाळवावें. रंगविलेल्या सामानाविषयीं विशेष सावध असावें. भारतांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत नव्वद भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनीं घातली. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें अधिक असण्याचा संभव आहे. ज्याचा रंग पोपडे धरून गळतो, असें सामान लहान मुलांच्या खोलींत ठेवूं नये, आणि तो रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये. जुन्या विजेच्या दिव्याची तार ठिसूळ झालेली असते. ती जाणत्या कारागिराकडून बदलून घेतल्याखेरीज दिवा लावूं नये.

आतां लांकडाची परीक्षा. खुर्चीवर बसण्यापूर्वीं ती उलटी करून पाहावी. वरची बाजू विक्रेत्यानें पुसलेली असते, खालची सहसा खरें सांगते. खण बाहेर ओढून त्याचे कोपरे पाहावे. फळ्यांचीं टोकें पंख्यासारखे दांते पाडून एकमेकांत गुंतविलीं असतील, तर सुतारानें मन लावून काम केलें आहे असें समजावें. नुसते खिळे ठोकले असतील, तर किंमत त्या मानानें करावी. फळीची कड पाहिली म्हणजे ती सागवानाची आहे कीं भुसा दाबून केलेली आहे, हें कळतें. बारीक छिद्रें असून त्यांखालीं ताजी भुकटी सांडत असेल, तर किडा अजून आंत आहे. निस्तेज झालेल्या पॉलिशनें मात्र घाबरूं नये. आंतल्या कोपऱ्यावर स्पिरिटाचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तें लाखेचें पॉलिश आहे. अशा वेळीं सर्व खरवडून काढण्याची गरज बहुधा नसते. स्वच्छ पुसून वरून नवा हात दिला तरी लांकूड पुन्हां उजळतें.

लहान वस्तूंची निवड त्याच दृष्टीनें करावी. काळवंडलेला पितळी तांब्या चिंचेच्या कोळानें घासला असतां लख्ख होतो, कारण चिंचेंतील आम्ल वरचा मळ विरघळवितें. त्यांत खिडकीपाशीं चार फुलें ठेवावीं. आरशाच्या कडेचे काळे डाग पुसून जात नाहींत, कारण ओल मागील मुलाम्यास लागलेली असते. मधला भाग निर्मळ असेल तरच तो घ्यावा. सुती लुगडीं व धोतरें मिळाल्यास त्यांची गोधडी शिववावी. एकावर एक थर घालून धांवदोऱ्यानें शिवलेली ही गोधडी आपल्या आजीपणजींनीं घरोघर केली, आणि पलंगावर तिच्याहून शोभिवंत आच्छादन आम्हांस ठाऊक नाहीं.

एवढें करूनही दहा ठिकाणच्या दहा वस्तू एकत्र आल्या म्हणजे खोली अडगळीसारखी दिसण्याची भीति असते. त्यावर उपाय असा कीं, सर्वांत एक सूत्र ठेवावें. तीन चौकटी तीन आकारांच्या असल्या तरी त्यांस एकाच रंगाचें पॉलिश द्यावें. भिंत फिकट व साधी ठेवावी, म्हणजे वस्तूंस बोलण्यास जागा मिळते. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारें पावणेपांच फुटांवर आणावा. मग चौकटी लहानमोठ्या असल्या तरी नजर एका रेषेंत फिरते. विल्यम मॉरिस यांनीं १८८० सालीं बर्मिंगहॅम येथील व्याख्यानांत घरांतील वस्तूंस उपयोग व सौंदर्य या दोन कसोट्या लाविल्या. जुन्या बाजारांत आम्ही तिसरी जोडूं: ती वस्तु ठेवण्यास घरांत नेमकी कोणती जागा आहे? उत्तर तत्काळ देतां येत नसेल, तर ती वस्तु आपली नव्हे.

ही तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. महाग वस्तु घेतांना मनुष्य दहा वेळां विचार करतो. स्वस्त वस्तु तो विचाराविना उचलतो. अशा दहा स्वस्त वस्तूंनीं खोली भरते, धूळ सांठते, आणि निजावयाच्या खोलीचा जो पहिला धर्म, म्हणजे विश्रांति, तोच नाहींसा होतो. शिवाय दहा वेळां दिलेले थोडे थोडे पैसे मिळून हप्त्याएवढेच होतात. बाजारांतून रिकाम्या हातानें परत येण्यास जो शिकला, त्यासच तेथें जाण्याचा अधिकार आला असें म्हणावें.

विक्रेत्याशीं वागतांनाही विवेक असावा. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे. परंतु समोरचा मनुष्य उन्हांत बसून त्याच दिवसाच्या मिळकतीवर चूल पेटवीत असतो. चांगल्या सागवानी खुर्चीची किंमत आपणांस कळते व त्यास कळत नाहीं, म्हणून त्याच्या अज्ञानावर नफा मिळविणें शिकलेल्या मनुष्यास शोभत नाहीं. योग्य मोल द्यावें, आणि ती वस्तु कोठून आली हेंही विचारावें. पुष्कळदां ती मोडलेल्या वाड्यांतून किंवा उठलेल्या बिऱ्हाडांतून आलेली असते. कोणाच्या तरी हातांनीं ती घडविली, कोणी ती जपली, आणि आतां ती जपण्याची पाळी आपली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं बरेचजण लौकरच वसतिगृहाच्या किंवा भाड्याच्या खोलींत राहावयास जातील. ती खोली एका दिवसांत पुरी करण्याची घाई करूं नका. प्रथम एक भक्कम पलंग, एक दिवा आणि एक मेज एवढेंच असूं द्या. उरलेल्या जागा कांहीं महिने मोकळ्या राहूं द्या. खिशांत वही व मोजपट्टी ठेवा, डोळे उघडे ठेवा, आणि एखादी वस्तु त्या मोकळ्या जागेसाठींच घडविलेली आहे असें वाटेल त्या दिवशीं ती घरीं आणा. अशा खोलींत रात्रीं दिवा मालवतांना उद्यां कोणाचा हप्ता द्यावयाचा आहे, ही चिंता उशाशीं नसते.