दाजी गिऱ्हाइकाला सांगतात तेच लिही

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२६

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि त्यासोबतचं वेबसाइटवाल्याचं कोटेशन, दोन्ही वाचलं. दाजींच्या चप्पल दुकानाची वेबसाइट काढायचं तुझ्या मनात आहे, हे ऐकून बरं वाटलं. फोनवरच बोललो असतो, पण मी सांगत राहीन आणि तू "हो मामा, हो मामा" म्हणत गल्ल्यावरच्या गिऱ्हाइकाकडं बघशील. म्हणून लिहितोय. आक्कालाही वाचायला दे.

आधी त्या कोटेशनविषयी. होम पेज, 'आमच्याविषयी', व्हिजन, मिशन, फिरतं बॅनर, वर एसईओ फुकट. सगळं आहे, फक्त चप्पल नाही. हाच कागद दंतवैद्याला, मंगल कार्यालयाला आणि खताच्या दुकानाला जसाच्या तसा चालेल. दाजींचं मिशन काय, तर संध्याकाळी घेतलेलं माप सकाळी कारागिराच्या हातात पडलं पाहिजे. त्याला वेगळं पान कशाला? माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्यानं तुझ्या दुकानात येऊन एक तास तरी बसायला हवं होतं. बसला नाही, म्हणून हा असला कागद आला.

काम कुणालाही दे, पण एक गोष्ट हातची सोडू नकोस. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुझ्या किंवा दाजींच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदव. पैसेही तुमच्याच खात्यातून भर. माझ्या ओळखीतल्या एका मसालेवाल्यानं हे सगळं "पोरगा बघतोय की" म्हणून साइट करणाऱ्यावर सोडलं. तीन वर्षांनी दोघांचं बिनसलं, आणि तेव्हा कळलं की पाकिटांवर छापलेलं नाव कागदोपत्री त्या पोराचं आहे. पाकिटं पुन्हा छापायची पाळी आली. डोमेन म्हणजे भाड्याचा गाळा समज. दर वर्षी भाडं भरायचं, आणि करारावर ज्याची सही त्याचाच ताबा. डॉट इन नावाला वर्षाकाठी हजाराच्या आतबाहेर खर्च येतो, त्यासाठी कुणाचे उपकार घ्यायला नकोत. एकदम काही वर्षांचं भरून टाक, कारण मुदत संपून सवलतीचे दिवसही गेले की ते नाव कुणीही उचलू शकतो.

देवनागरीतलं डॉट भारत नावही मिळतं, २०१४ पासून. हौस असली तर दुसरं म्हणून घे आणि पहिल्याकडं वळवून ठेव. पण मुख्य नाव इंग्रजी अक्षरांतलं, छोटं आणि फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येईल असं असू दे. मधे आडव्या रेघा नकोत, आकडे नकोत.

आता खरं काम. साइटवर लिहायचं काय?

मागच्या शनिवारी मी दुकानात बसलो होतो, तुला आठवत असेल. पुण्याचं एक जोडपं अंबाबाईचं दर्शन घेऊन आलं. त्या गृहस्थानं कापशी नमुन्याचा जोड हातात घेतला आणि विचारलं, "ही इतकी कडक का?" दाजींनी दुसरा जोड काढला, तळ वाकवून दाखवला आणि सुरू झाले. तळाला म्हशीचं कातडं, वरच्या वेणीला शेळीचं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणून रंग असा आणि वासही असा. खिळा एकही नाही, चामड्याच्या वादीनं शिवलेली. पहिले आठ दिवस चावेल, घरातल्या घरात तासभर घालून फिरा. एरंडेलाचं बोट फिरवा, रात्रभर ठेवा. पावसात नेऊ नका, आणि भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. पट्टा आज घट्ट वाटतोय तोच घ्या, सैल घ्याल तर दोन महिन्यांत पायातून निघेल. त्या बाई हसून म्हणाल्या, "एवढं तर डॉक्टरही सांगत नाहीत." दोन जोड गेले.

पोरी, हीच तुझी वेबसाइट. आणखी काही शोधायला जाऊ नकोस. मुंबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या माणसाला जोड हातात घेता येत नाही, वाकवता येत नाही, वास घेता येत नाही. त्याच्या मनात जे सतरा प्रश्न येतात त्यांची उत्तरं दाजी रोज गल्ल्यावर देतातच. आठवडाभर मोबाइल शेजारी ठेव, त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर, मग मोबाइलच्या कीबोर्डवर बोलून टाइप करून घे. मराठी आता बऱ्यापैकी बरोबर उमटतं. चुका दुरुस्त कर, पण भाषा 'सुधारू' नकोस. "चावेल" हेच लिही. "सुरुवातीच्या काळात किंचित अस्वस्थता जाणवू शकते" असलं लिहिलंस तर मी साइट उघडणार नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेव, आणि इंग्रजीही असंच सरळ.

एक तांत्रिक गोष्ट यातच सांगतो. दुकानाच्या जुन्या पत्रकाचा मजकूर प्रेसवाल्याकडून आणून चिकटवशील तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी. साइटवर त्याची नुसती चिन्हांची खिचडी दिसेल. युनिकोडमध्येच टाइप कर. आणि मजकुराचं चित्र करून लावू नकोस, चित्रातली अक्षरं शोधणाऱ्याला सापडतीलच याचा भरवसा नसतो.

आता नाव, गाव आणि खरेपणाचा मुद्दा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं 'चामड्याचे सँडल' म्हटलं. तेव्हा गावात केवढा आवाज उठला तो तू पाहिलास. पुढं त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या चपलांमागची भारतीय प्रेरणा मान्य केली, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एकेक सुमारे ८०० युरोला, असं जाहीर झालंय. त्या दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांत कोल्हापुरीचं नाव होतं. कुणी वाचून उत्सुकतेनं शोधायला गेला असता तर त्याला दाजींचं दुकान कुठं सापडलं असतं? कुठंच नाही. आपण चप्पल लाइनीत, म्हणजे आपल्या चप्पल बाजारात, बसून टीव्हीवर संताप बघत होतो. संताप रास्तच होता, पण इंटरनेटवर दुकानाचा पत्ता लावलेला असता तर त्याचा दुकानाला काही उपयोग झाला असता.

म्हणून पत्ता लाव, पण त्यावर खोटं लिहू नकोस. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. दाजी काही माल अथणीकडून आणतात, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. मग "शंभर टक्के कोल्हापुरात बनवलेली" असं कशाला लिहायचं? "हा जोड आमच्या सुभाषनगरच्या कारागिरानं शिवला", "हा अथणीचा", असं ज्याच्या त्याच्या फोटोखाली लिही. गिऱ्हाईक दुरावत नाही, उलट विश्वास ठेवतं. आणि जीआयचा शिक्का साइटवर डकवायचा तर त्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाजारात सगळे डकवतात म्हणून तू डकवू नकोस. लिडकॉमच्या कार्यालयात जाऊन दाजींचा अर्ज कसा करायचा ते विचार, ही चक्कर फुकट जाणार नाही.

वेणी घालणाऱ्या बायकांचं एक पान कर, असं माझं मत आहे. चपलेवर नाव पुरुषांचं आणि बारीक काम बायकांचं, हे वर्षानुवर्षं चाललंय. त्यांची परवानगी घेऊन हातांचा फोटो लाव, नाव द्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू दे.

फोटोंवर मात्र वेळ घाल, पैसे नको. सकाळी दहाच्या सुमाराला दुकानाच्या दारात, सावलीत, पांढऱ्या कापडावर जोड ठेव. फ्लॅश लावलास की कमावलेलं कातडं रेक्झिनसारखं चमकतं आणि चांगली चप्पल प्लास्टिकची वाटते. प्रत्येक जोडाचे चार फोटो घे: वरून, बाजूनं, तळाचा, आणि पायात घातलेला. तळाचा कुणी घेत नाही, पण जाणकार गिऱ्हाईक तोच आधी बघतं. वेणीचा एक जवळून. फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवून मग साइटवर चढवू नकोस, त्यात जीव राहत नाही. मूळ फोटो घे आणि तूच आकार कमी कर. एकेक दोनशे केबीच्या आत बसव, कारण गगनबावड्याच्या घाटात रेंज अर्धी काडी असते आणि फिरतं बॅनर तिथं फिरतच राहतं.

सुरुवात शंभर जोडांनी करू नकोस. दाजींना विचार, वर्षभर दुकानात संपत नाहीत असे दहाबारा नमुने कोणते. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी यांतले हमखास मिळणारे तेवढेच लाव. साइटवर आहे आणि दुकानात नाही, असं एकदा झालं की तो माणूस परत येत नाही.

मापाचं पान मात्र पहिल्या दिवसापासून हवं. नुसता नंबर विचारलास तर निम्मे जोड परत येतील. "कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरा, कडेनं रेघ काढा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा, दुपारनंतर मोजा," असं लिही आणि स्वतःच्या पायाचा कागद करून दाखव. एकदा माप बदलून देऊ, जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च कुणाचा, हेही आधीच सांगून टाक.

ऑर्डर कशी घ्यायची? पहिल्या हंगामात साइटवर खरेदीची टोपली लावूच नकोस. प्रत्येक फोटोखाली व्हॉट्सअॅपचं बटण ठेव, माणूस बोलेल, माप पाठवेल, पैसे यूपीआयनं देईल. तेवढ्यानं तुला कळेल की लोक काय विचारतात. मग दिवाळीनंतर पेमेंट गेटवे जोड. एक ताकीद: पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट बघून माल सोडू नकोस, असले स्क्रीनशॉट बनवणारी अॅप्स आहेत. खात्यात जमा झालेले दिसले की मगच पार्सल बांध. आणि माल पोचल्यावर पैसे, हा प्रकार इतक्यात नको. गुवाहाटीला गेलेला जोड न घेता परत आला तर दोन्ही बाजूंचं कुरिअर दाजींच्या नफ्यातून जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण यात माझ्यापेक्षा तुमच्या सीएचा शब्द मोठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला पाच टक्के जीएसटी आणि त्याहून महाग जोडाला अठरा. म्हणजे २,६०० ची किंमत लावताना दहादा विचार कर. परराज्यात माल पाठवायचा तर नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेला सवलती आहेत, त्या आपल्याला कितपत लागू होतात ते सीएकडून लेखी घे. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर दुकानाचं खरं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. घाबरू नकोस, अधिकारी म्हणजे तूच. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत, एवढं पाळायचं. तशीही दाजींच्या दुकानात तक्रार संध्याकाळपर्यंत मिटते.

साइटचा पत्ता https नं सुरू व्हायला हवा, त्याचं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर कशाचे, ते विचार. वर्डप्रेसवर साइट केलीस तर किंमत बदलायला तुला कुणाच्या दारात जावं लागणार नाही, फक्त अपडेट वेळच्या वेळी कर. पासवर्ड वहीत लिही आणि वही कपाटात ठेव, गल्ल्यात नको.

आणि हे सगळं व्हायच्या आधी, आजच, गुगल मॅपवर दुकानाचा पिन स्वतःच्या ताब्यात घे. वेळ, फोन, दोन फोटो घाल. त्याला एक रुपया लागत नाही. नवरात्रात महाद्वार रोडवर उभा राहून "जवळचं चप्पल दुकान" शोधणारा माणूस तुझ्या साइटवर येत नाही, पिनवर येतो.

त्या कोटेशनवाल्याला सरळ सांग की बॅनर, व्हिजन, मिशन काढा, मापाचं पान आणि तळाचे फोटो घाला, डोमेन आमच्या नावावर करा, आणि पुन्हा आकडा द्या. कबूल झाला तर काम त्यालाच दे, गावचाच आहे. नाही म्हणाला तर रविवारी दाजींना घेऊन माझ्याकडं ये. येताना पॅन कार्ड आण आणि डोमेनसाठी तीन नावं ठरवून आण. नोंदणी इथंच बसून करून टाकू.

आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा