बालकाच्या मेंदूची जडणघडण आणि अंगणवाडी

शिक्षणाचा आरंभ पहिलीच्या वर्गात होतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. मेंदूच्या वाढीचा क्रम पाहिल्यास ती टिकत नाही. नवजात बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. बालक शाळेत दाखल होते, तेव्हा या वाढीचा मोठा टप्पा उलटून गेलेला असतो.

मेंदू घडतो कसा?

केवळ वजन वाढणे म्हणजे विकास नव्हे. मेंदूतील चेतापेशींमध्ये जन्मानंतर असंख्य जोडण्या निर्माण होतात. वारंवार उपयोगात येणाऱ्या जोडण्या दृढ होतात. उरलेल्या हळूहळू गळून पडतात. नित्य वहिवाटीची पाणंद रुळते आणि इतर वाटांवर गवत माजते, तसाच हा प्रकार होय. बालकाचा हुंकार आणि त्याला आईने दिलेले उत्तर, ही देवघेव अशी वहिवाट घडविते. लोह व आयोडीन यांची उणीव किंवा सततची भीती या कार्यात अडथळा आणते. नियोजन व आत्मसंयम यांच्याशी संबंधित भागांची वाढ मात्र विशीनंतरही चालू राहते. म्हणून मागे पडलेल्या मुलाची आशा सोडण्याचे कारण नाही.

अंगणातील शाळा

कोकणच्याच उत्तर टोकाला, बोर्डी येथे, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकारली. अनुताई वाघ यांनी त्यांच्यासह हे कार्य पुढे कोसबाड येथे वाढविले. महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंचा उपयोग, हे त्याचे वैशिष्ट्य होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली.

मालवण किनाऱ्यावर काय करता येईल?

येथे साधनांची वाण नाही. शिंपले, करवंट्या, सुपाऱ्या, सुरूची फळे यांतून मोजणी व वर्गीकरण शिकविता येते. लहान वस्तू तोंडात जाऊ नयेत, एवढी दक्षता हवी. महत्त्वाचा प्रश्न भाषेचा आहे. घरी 'माका' आणि 'खय' म्हणणारे मूल 'मला' आणि 'कुठे' यांच्या वर्गात गप्प बसते. ते मंद ठरविले जाते. वस्तुतः त्याच्या मेंदूतील रुळलेली वाट मालवणीची असते. शिक्षकाने प्रथम मालवणीत उत्तर द्यावे, रापणीच्या गोष्टी ऐकाव्यात आणि तेथून प्रमाण मराठीकडे न्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानेही आरंभीच्या वर्षांत घरच्या भाषेवर भर दिला आहे.

ग्रामपंचायतींनी अंगणवाडीची पाहणी करताना आहाराची नोंदवही अवश्य तपासावी. परंतु तेथे मुले बोलतात काय आणि त्यांना कोणी उत्तर देते काय, हेही पाहावे. इमारत पुढील वर्षी दुरुस्त करता येते. बालकाचे तिसरे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.