संगीतकाराला केव्हा बोलवावं?

येडगाव, ता. जुन्नर

चि. माईस,


तुझ्या चित्रपटाची संहिता वाचली. तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्याची मुलगी हा विषय नारायणगावच्या कुशीत वाढलेल्या मुलीलाच सुचावा असा आहे, आणि तू तो जपून हाताळला आहेस. पण सोबतच्या वेळापत्रकात चित्रीकरण, मग संकलन आणि सर्वांत शेवटी ‘संगीतकार शोधणे’ असं लिहिलं आहेस, ते मला मुळीच पटलेलं नाही. तू पोलिश दिग्दर्शक क्यिश्लोव्स्की आणि त्याचा संगीतकार प्राइस्नर या जोडीचं नाव सारखं घेतेस, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. ‘ब्लू’ (१९९३) या चित्रपटाची नायिका एका संगीतकाराची विधवा आहे आणि त्याची अपुरी राहिलेली रचना हा त्या कथेचा कणा आहे. ती रचना चित्रीकरणाआधीच तयार होती. प्रसंग चालू असताना पडदा मध्येच काळा होतो आणि सुरांचा लोट अंगावर येतो. सूर आधीच कानात असल्याशिवाय दिग्दर्शकाला अशी जागा दिसणारच नाही. चित्रपट कापून झाल्यावर आलेल्या संगीतकाराच्या वाट्याला फक्त मोकळ्या जागा भरणं उरतं.

याचा पुरावा शोधायला पोलंडपर्यंत जायची गरज नाही. दिग्दर्शक जब्बार पटेल यांचं काम क्रमाने बघ. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. नाटक विजय तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. ओळीत उभी राहिलेली माणसंच तिथे भिंत होतात आणि तीच माणसं गातात, डोलतात, पाठ फिरवतात. कीर्तन, अभंग आणि लावणी यांच्या चालींवरच कथा पुढे सरकते. भक्तीच्या चालीला लागून शृंगाराची चाल येते तेव्हा त्या समाजाचा दुटप्पीपणा कुणी बोलून दाखवावा लागत नाही. हे संगीत काढून घेतलं तर नाटकाचा अर्थच जाईल, कारण टीका त्या चालींत आहे. पुढे पटेल आणि चंदावरकर यांनीच ‘सामना’ हा चित्रपट केला. मग १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ आला. गोष्ट गो. नी. दांडेकरांची, शब्द ना. धों. महानोरांचे आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. नायक नाग्या स्वतः ढोल वाजवणारा ठाकर, म्हणून ढोल तिथे पात्राच्या आयुष्यातूनच येतो, आणि गाणी कथेत थांबे न होता कथाच सांगत जातात. आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातही ठाकरवाड्या आहेत, तेव्हा हा चित्रपट तुला परका वाटायचं कारण नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. दोनच वर्षांनी पटेल-मंगेशकर याच जोडीने ‘सिंहासन’ (१९७९) केला, आणि त्या मुंबईच्या राजकारणाच्या चित्रपटात गाण्यांना फारशी जागाच नाही. भरभरून गाणाऱ्या चित्रपटानंतर तोच संगीतकार इतका आवरून घेतो, ते मुळापासून एकत्र विचार झाल्याशिवाय होत नाही असं मी मानतो. किती वाजवायचं यापेक्षा कुठे वाजवायचं नाही, हे ठरवायला तो माणूस आधीपासून सोबत लागतो.

तू म्हणशील, दिग्दर्शक फेलिनीने संगीतकार नीनो रोटाला १९५२ पासून १९७९ मध्ये रोटाचा मृत्यू होईपर्यंत सोडलं नाही. पटेल मात्र चंदावरकरांकडून मंगेशकरांकडे आणि पुढे ‘एक होता विदूषक’साठी आनंद मोडकांकडे गेले, मग याला भागीदारी कशी म्हणायची? मी वर्षं मोजत नाही. संगीतकाराचं ऐकून दिग्दर्शक आपला प्रसंग बदलायला तयार आहे का, एवढंच मी बघतो. तमाशातल्या माणसाची गोष्ट सांगताना त्या विषयाचा कान असलेला संगीतकार निवडणं हीसुद्धा निष्ठाच आहे, विषयाशी असलेली. शिवाय पटेलांनी प्रत्येकाबरोबर एकाहून अधिक कामं केली, हेही विसरू नकोस.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वास्तववादी चित्रपटाला पार्श्वसंगीत नकोच, ते भावना उसनी आणतं, असं तुमच्याकडे बरेच जण मानतात. त्यांच्या बाजूने मीच दाखला देतो. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातल्या वस्तूंचे, माणसांचे, आजूबाजूचे आवाजच तिथे काम करतात. पण त्या चित्रपटाला केशवराव भोळे हे संगीतकार होते आणि गाणीही होती. सूर कुठून यावा आणि कुठून येऊ नये याचा काटेकोर विचार तिथे झालेला आहे. संगीत वगळायचं असेल तर तेही असा विचार करून वगळ. संगीतकार मिळाला नाही म्हणून उरलेली शांतता ऐकू येतेच, आणि ती वाईट ऐकू येते.

पैशाचं कारण तू पत्रात दोनदा दिलं आहेस. वाद्यवृंद महाग असतो हे खरं, पण मी वाद्यवृंद सांगतच नाही. ‘घाशीराम’ हौशी मंडळींनी उभं केलं आणि नटांच्याच गळ्यावर पेललं. तुझ्या कथेला ढोलकी, तुणतुणं, हलगी आणि एक आवाज पुरेल. खर्च पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे, आणि तो वेळ चित्रीकरणाआधीच द्यावा लागतो.

तुझ्या संहितेत बाप आजारी पडल्यावर मुलगी पहिल्यांदा ढोलकीला हात घालते, तो प्रसंग संवादांनी फार भरलेला आहे. तिथे माझ्या मते निम्मे संवाद जातील, पण कुठले, हे मी किंवा तू संगीतकाराशिवाय एकट्याने ठरवू नये. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्याआधी संगीतकार नक्की कर, त्याला संहिता दे, आणि पाडव्याच्या वेळी दोघंही इकडे या. राहण्याची सोय आपल्या घरी आहे. चित्रीकरणाची तारीख मात्र त्यानंतरच ठरव.

तुझा,
मामा