नळी वाकवा, दुमडू नका

मुलांनो, दोहातल्या पार्किंगमध्ये कधी छताकडे पाहा. विजेच्या तारांच्या लोखंडी नळ्या तुळईपाशी बाक घेतात. आपण कागद दुमडतो, पानाचा कोपरा मुडपतो, गाडी वळवतो. नळी मात्र वाकवायची. दुमडली तर ती चेमटते, आत ओढताना तारेचे आवरण सोलते आणि शॉकचा धोका.

दोन उलट बाक दिले की नळी बाजूला सरकून पुन्हा समांतर धावते. हा ऑफसेट. बाक ३० अंशांचे असतील, तर १० सेंटिमीटर सरकण्यासाठी दोन बाकांत २० सेंटिमीटर अंतर हवे, कारण ३० अंशांची साइन अर्धी. (दहावीवाल्यांनी आकृती काढून पडताळावे!)

सॅडल म्हणजे खोगीर. पण अमेरिकेतला वायरमन आडव्या पाइपवरून नेलेल्या बाकाला सॅडल म्हणतो, आपला वायरमन नळी भिंतीला जखडणाऱ्या पट्टीला.