मत्स्यपेटीसाठी लाकडी घडवंची

शोभेच्या माशांची पैदास हा शेतीस जोडून करता येण्यासारखा धंदा असून गप्पी, मॉली यांसारखे पिले देणारे मासे नवख्याच्या हातीही वाढतात. काचेची पेटी, जाळी, खाद्य यांविषयी लोक चौकशी करतात. पेटी कशावर ठेवावी, याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. आम्हीही तीच चूक केली. घरातील जुन्या मेजावर ठेवलेली पेटी दोन महिन्यांत एका अंगास कलली, रात्री तळाची काच तडकली, आणि पिलांवर आलेल्या माद्यांसह सारा वाण सकाळी जमिनीवर मरून पडलेला आढळला.

९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३८ उंच अशा पेटीत सुमारे ९५ लिटर पाणी राहते. काच व तळाची खडी धरता एकंदर भार सव्वाशे किलोंच्या वर जातो. म्हणजे पन्नास किलोंची अडीच पोती, आणि तीही रात्रंदिवस न उतरणारी. हा भार खिळ्यांवर लटकता कामा नये; तो लाकडावरून लाकडावर टेकत थेट जमिनीत गेला पाहिजे. सारे मर्म एवढ्यातच आहे.

करवत, रंधा, पटाशी, हातोडी, गिरमिट व गुण्या एवढी हत्यारे पुरतात. लाकूड जुन्या घराच्या वाशांचे मिळाल्यास उत्तम, कारण ते पुरते वाळलेले असते. ओले लाकूड पुढे पिळते व काचेस दगा देते.

पाय ७० सेंटिमीटर उंचीचे, ५ बाय ७.५ जाडीचे चार घ्यावेत. प्रत्येकाच्या माथ्याशी बाहेरच्या अंगास अडीच सेंटिमीटर खोल व १० उंच खाच पाडून तीत लांब पट्टी उभी बसवावी, म्हणजे ती खाचेच्या टाचेवर टेकेल. स्क्रू केवळ तिला जागेवर धरण्यापुरते. पट्टी निजवू नये. तीच पट्टी उभी धरून उंची दुप्पट झाली, तर वाक चौथ्या हिश्श्यावर येतो. आखूड पट्ट्या दोन्ही टोकांस जोडाव्यात. जमिनीपासून वीतभर उंचीवर तशीच दुसरी चौकट घालावी.

येथपर्यंत काम झाले की घडवंची भक्कम दिसते, पण हाताने ढकलताच डोलते. मागील अंगास व दोन्ही टोकांस एकेक तिरकी पट्टी ठोकताच डोलणे थांबते. ठोकण्यापूर्वी दोरीने दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्यावेत. वर जाड फळी, तिच्यावर थर्मोकोलचा एक थर. फळीतील बारीक उंचवटा तो गिळतो. पायांच्या बुडास डांबर लावून प्रत्येकाखाली फरशीचा तुकडा द्यावा, नाहीतर सारवलेल्या जमिनीत पाय रुततात आणि वाळवीसही वाट मिळते.

पेटी चढविण्यापूर्वी दोन मोठ्या माणसांनी घडवंचीवर बसून पाहावे. घरची मंडळी हसतील, हसू द्यावीत. मग पेटी रिकामीच ठेवून अर्धी भरावी व चारी कोपऱ्यांत पाण्याची उंची पट्टीने मोजावी. पेटी हीच आपली पाणसळ. फरक आढळल्यास पाणी काढून फरशीखाली पातळ पाचर सारावी. भरलेली पेटी उचलून पाचर सारण्याचा मोह धरू नये. रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजावे, आणि माप न बदलल्यास उरलेले पाणी घालावे.