रक्त किती दाट? पंपालाच विचारा!

पंप म्हटलं की आमच्या सुलतानपूरच्या माणसाला विहीर आठवते. लोणार-मेहकर रस्त्यावरच्या आमच्या गावात स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअरचा काटा बघून शेतकरी विहिरीत न डोकावता पाण्याची खबर सांगतो. काटा एकदम खाली आला, की मोटार हवा ओढतेय. नेहमीपेक्षा वर गेला, की गाळ तरी आलाय, नाहीतर बेअरिंग तरी जाम होतंय. म्हणजे पंप नुसतं पाणी उचलत नाही, तो पाण्याबद्दल बोलतोसुद्धा. रक्ताच्या पंपालाही असंच बोलतं करता येतं. ते कसं, हे या लेखात पाहू.

हृदयाचा मदतनीस

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पुढे औषधं सुधारली, पण दात्याचं हृदय वेळेवर मिळणं ही अडचण राहिलीच. म्हणून थकलेल्या हृदयाला जोडायचा छोटा सेंट्रिफ्यूगल पंप आला.

अडचण बेअरिंगची होती. बेअरिंगपाशी घर्षण, घर्षणापाशी उष्णता, आणि रक्त जिथे तापतं किंवा साचतं तिथे गुठळी धरते. एक उपाय म्हणजे इम्पेलर चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरवायचा. पण १८४२ मध्ये अर्नशॉ यांनी सिद्ध केलं होतं, की नुसत्या कायम चुंबकांनी वस्तू अधांतरी स्थिर राहत नाही. त्यामुळे सेन्सर इम्पेलरची जागा सतत मोजतो, कंट्रोलर विद्युतचुंबकाचा करंट कमीजास्त करतो आणि इम्पेलर जागेवर राहतो. आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या पेपरातला फीडबॅक इथे कुणाच्या तरी छातीत चोवीस तास चालू असतो!

याचा फायदा किती? हार्टमेट ३ हा अधांतरी इम्पेलरचा पंप आणि बेअरिंगवाला हार्टमेट २ यांची १०२८ रुग्णांवर तुलना झाली. २०१९ मध्ये आलेल्या निकालात पंपात गुठळी झाल्याचा संशय जुन्या पंपात १३.९ टक्के, तर नव्यात १.४ टक्के रुग्णांत आढळला.

दाटपणाचं गणित

व्हिस्कॉसिटी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली श्यानता. खोलीच्या तापमानाला पाण्याची १ मिलिपास्कल-सेकंद, तर वेगाने वाहणाऱ्या रक्ताची साधारण ३ ते ४. ती मुख्यतः हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती यावर ठरते.

समजा इम्पेलरची त्रिज्या २० मिलिमीटर, वेग मिनिटाला ३००० फेरे आणि भिंतीपासूनची फट अर्धा मिलिमीटर. कडेचा वेग सेकंदाला ६.२८ मीटर. तो फटीने भागला की शिअर रेट येतो सेकंदाला सुमारे १२,५००. व्हिस्कॉसिटी ३.५ असेल तर शिअर स्ट्रेस सुमारे ४४ पास्कल, ३ असेल तर सुमारे ३८. हा फरक मोटारीला जाणवतो.

मग नुसता करंट बघून काम भागेल का? नाही. करंटमध्ये रक्त ढकलण्याचं कामही मिसळलेलं असतं. रुग्ण जिना चढला, रक्तदाब बदलला, की करंट बदलतो. रक्त मात्र तेच असतं.

इथे अधांतरी इम्पेलर कामाला येतो. तो फिरत असतानाच विद्युतचुंबकाने त्याला बाजूला अगदी बारीक कंप द्यायचा. हे झालं आपलं स्प्रिंग-मास-डॅम्पर. स्प्रिंगचं काम चुंबक करतो, डॅम्परचं फटीतलं रक्त. रक्त दाट असेल तर कंप लवकर मुरतो. ठरावीक बल दिल्यावर इम्पेलर किती हलला आणि किती मागे पडला, म्हणजे ॲम्प्लिट्यूड आणि फेज, यावरून व्हिस्कॉसिटी काढता येते. तेव्हाच्या टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले वातारू हिजिकाता आणि सहकारी यांनी या दिशेने काम केलं आहे. यासाठी वेगळा सेन्सर रक्तात सोडावा लागत नाही. जागा मोजणारा सेन्सर आणि करंट दोन्ही पंपात आधीच असतात.

याची गरज कुणाला?

हार्टमेट ३ मध्ये रक्तप्रवाह थेट मोजला जात नाही. वीज, वेग आणि हिमॅटोक्रिट यांवरून अंदाज काढला जातो, आणि हिमॅटोक्रिटचा आकडा बाहेरून भरावा लागतो. रक्तस्राव होऊन रक्त पातळ झालं आणि आकडा जुनाच राहिला, तर प्रवाहाचा अंदाज चुकतो. शहरातल्या रुग्णाची तपासणी त्याच दिवशी होईल. खेड्यातल्या माणसाला त्यासाठी एसटीने अर्धा दिवस जावं लागतं. पंपच दाटपणा सांगू लागला, तर बदल वेळेत कळेल. मात्र व्हिस्कॉसिटी म्हणजे गुठळीची पूर्ण चाचणी नव्हे. रक्त किती लवकर गोठतं हे वेगळंच तपासावं लागतं.

करून बघा

प्रयोगशाळेत छोटी डीसी मोटार, प्लॅस्टिकची पाती आणि मल्टिमीटर घ्या. आधी पाण्यात, मग ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणांत पाती फिरवा. सुमारे ४० टक्के ग्लिसरीनचं मिश्रण दाटपणात रक्ताच्या जवळ येतं, म्हणून असे पंप तपासायलाही ते वापरतात. करंटबरोबर फेरेही मोजा, कारण व्होल्टेज तेच ठेवलं तर दाट द्रवात करंट वाढतो आणि वेग घटतो. मिश्रण गरम करून पुन्हा मोजा. मग आलेखासमोर बसून ठरवा: तापमान नोंदवलं नसतं, तर या आकड्यांवर विश्वास ठेवता आला असता का?