आपत्तीनंतरचे मौन : एक वैद्यकीय ओळख

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. मेढा परिसरातील वृद्धांना तो धक्का आजही स्मरतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडींखाली घरे गाडली गेली. अशा वेळी दिलेले धान्य, कपडे व निवारा यांचा हिशेब ठेवता येतो. मनावरील आघात मात्र कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. म्हणून हा विषय देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांसमोर ठेवीत आहोत.

संकट येताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन व पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. पहिल्याने हृदयाची गती वाढते. दुसरे रक्तातील साखर वाढवून बळ पुरविते व पुढे ही धावपळ आवरण्यासही साहाय्य करते. शिवाय शरीरात एंडॉर्फिन ही अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये निर्माण होतात. म्हणूनच जखमी मातादेखील मुलाला उचलून धावू शकते.

संकट टळल्यावर ही यंत्रणा शांत व्हावयास हवी. आघातोत्तर तणाव विकारात तसे घडत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हा विकार असलेल्या आठ माजी सैनिकांना युद्धाचे चित्रण दाखविले असता त्यांची वेदनेची जाणीव सुमारे ३० टक्क्यांनी घटली. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावर मात्र ती घटली नाही. म्हणजे नुसत्या आठवणीनेही शरीर स्वतःला बधिर करू शकते. कॉर्टिसॉलचे प्रमाण काही रुग्णांत अपेक्षेपेक्षा कमी आढळले, तर काहींत तसे आढळले नाही. त्यामुळे निदान रक्ततपासणीने नव्हे, तर रुग्णाशी बोलूनच होते.

कोयना परिसरात अद्यापही अधूनमधून सौम्य धक्के बसतात. त्या वेळी घरातील एखादी व्यक्ती दचकते, झोप गमावते किंवा दगडासारखी स्तब्ध बसते. न रडणाऱ्या अशा माणसास ‘धीराचा’ म्हणून आम्हीही अनेकदा मोकळे झालो आहोत. ते मौन धैर्याचे असेलच असे नाही, आणि निष्ठुरतेचे तर नव्हेच.

दुःस्वप्ने, दचकणे, त्या जागा टाळणे अथवा सुन्नपणा महिनाभराहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. समुपदेशन व औषधे यांनी हा विकार आटोक्यात येऊ शकतो. बोलण्याची सक्ती नको. सोबत बसावे, हीच आमची नम्र विनंती.